वॉरंटीतली रॅम बिघडली आणि भाव तिप्पट झाला: जुन्या बिलाचे पैसे घ्यायचे की वस्तूच मागायची?

२०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे आणि पाठोपाठ एसएसडीचे (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचे) भाव झपाट्याने चढले. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी बरीचशी क्षमता एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली, त्यामुळे घरगुती संगणकांच्या वाट्याला माल कमी आला. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी आपला ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी मात्र पाळू, असंही कंपनीने सांगितलं आहे.

या भाववाढीने वॉरंटीचे वाद बदलले. पूर्वी रॅम गेली की आठ-पंधरा दिवसांत दुसरी हातात पडायची. आता उत्तर येतं, “माल शिल्लक नाही, बिलाचे पैसे परत घ्या.” समजा, तुम्ही ३२ जीबीची डीडीआर५ रॅमची जोडी ९,००० रुपयांना घेतली होती आणि आज तीच ३०,००० ला मिळते. ९,००० परत घेतले तर उरलेले २१,००० तुमच्या खिशातून जाणार. लाइफटाइम किंवा पाच वर्षांची वॉरंटी बघूनच आपण चार पैसे जास्त मोजलेले असतात. म्हणून बिलाच्या रकमेला पटकन ‘हो’ म्हणू नका. वस्तू मागा, लेखी मागा, आणि पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

पायऱ्या रॅम आणि सोलापूरचा ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डालाही बहुतेक तशाच लागू पडतात.

१. दोष नेमका कुठे आहे ते आधी पक्कं करा

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात किंवा शेजारी असलेल्या संगणकात सुताची बारीक तुसं भरतात. स्लॉटमध्ये ती अडकली की रॅम बिघडल्यासारखीच लक्षणं दिसतात: मशीन सुरू होत नाही, बीप वाजतात, निळा पडदा येतो. संगणक बंद करून वायर काढा. स्लॉट ब्लोअरने साफ करा आणि रॅमचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. खोडरबर जोरात घासू नका. दातांवर ओरखडे दिसले तर सर्व्हिस सेंटर ‘ग्राहकाकडून नुकसान’ असा शेरा मारून मोकळं होतं.

मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा.

- आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा.
- एका वेळी रॅमची एकच कांडी (स्टिक), त्याच एका स्लॉटमध्ये लावून तपासा. दोषी कांडी सापडली की ती दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा चालवा. दोष कांडीबरोबर सरकला तर कांडी खराब. स्लॉटबरोबर राहिला तर मदरबोर्ड.
- चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. मोठ्या रॅमला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. एकही त्रुटी दिसली तरी ती कांडी नापास.
- त्रुटीच्या पडद्याचा फोटो काढा.

एक्सएमपी चालू केल्यावरच त्रुटी येत असतील तर प्रकरण अवघड होतं. कंपनी म्हणेल, तुमचा मदरबोर्ड किंवा प्रोसेसर तो वेग झेपवत नाही. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरच्या सुसंगत मेमरीच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का पाहा आणि ते पान जपून ठेवा.

एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्राममधली माहिती साठवा. एसएसडीची वॉरंटी वर्षांबरोबरच एकूण किती टेराबाइट लिहिलं यावरही संपते. आणि डेटा आधी काढून घ्या, कारण दिलेली ड्राइव्ह बहुधा परत येत नाही.

२. वॉरंटीची अट शब्द न् शब्द वाचा

सगळ्या वादाचा निकाल बहुतेक वेळा इथेच ठरतो, तरी हे पान कोणी उघडत नाही. खोक्यातलं पत्रक शोधा. नसेल तर कंपनीच्या साइटवरून भारतासाठीची वॉरंटी उतरवून घ्या. साइटवरच्या अटी बदलतात, म्हणून पीडीएफ करून तारखेसह ठेवा. दोष मान्य झाल्यावर कंपनी काय देणार, ते एका वाक्यात लिहिलेलं असतं. साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला: “दुरुस्त करून किंवा बदलून देऊ.” यात पैसे परत करण्याचा पर्यायच नाही. तुमची बाजू सर्वांत भक्कम. बिलाची रक्कम देऊ करणं म्हणजे कंपनीने स्वतःचीच अट मोडणं.

दुसरा: “दुरुस्ती, बदली किंवा परतावा, कंपनीच्या निवडीनुसार.” हा प्रकार बराच आढळतो आणि कठीणही आहे. तरी लढायला जागा असते. पुढचं वाक्य पाहा. ‘बदली शक्य नसेल तर परतावा’ असं असेल, तर बदली शक्य नाही हे कंपनीने दाखवायला हवं. तेच मॉडेल कंपनीच्या स्वतःच्या साइटवर किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडे विकायला असेल, तर ‘माल नाही’ हे उत्तर टिकत नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून ठेवा. याहून चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही.

तिसरा: परतावा ‘दाव्याच्या वेळच्या बाजारभावाने’. पूर्वी भाव उतरायचे तेव्हा ही अट कंपनीच्या फायद्याची होती. आता ती तुमच्या फायद्याची आहे. पण ‘खरेदी किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी कमी’ असे शब्द असतील तर नाही.

चौथा: दुकानातून वेगळे पैसे देऊन घेतलेली वाढीव वॉरंटी किंवा प्रोटेक्शन प्लॅन. यात बहुधा बिलाच्या रकमेची कमाल मर्यादा असते, घसाराही कापतात. इथे बाजारभाव मागून फारसं हाती लागत नाही. मूळ कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तीच वापरा.

‘बदली वस्तू’ची व्याख्याही पाहा. ‘समान किंवा सरस’ असं असेल तर कमी क्षमतेची वस्तू देता येत नाही. ‘नवी किंवा पूर्ववत केलेली’ असं असेल तर रिफर्बिश्ड मिळू शकते.

३. कागद जमवा

- जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल. त्यावर मॉडेल आणि शक्यतो सिरियल नंबर. नवी पेठेतल्या दुकानातून घेतलं असेल आणि बिलावर नुसतं ‘रॅम १६ जीबी’ लिहिलं असेल, तर दुकानदाराकडून सिरियल नंबरसह शिक्का-सही करून घ्या.
- पैसे दिल्याचा पुरावा: यूपीआय, कार्ड किंवा बँकेची नोंद.
- खोक्याचे फोटो. आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क खोक्यावरच असतो. पुढे प्रतिवादी कोण, हे त्यावरून ठरतं.
- कांडीच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, सिरियल नंबर वाचता येईल असे. वितरकाचा स्टिकर काढू नका, धातूचं कवच उघडू नका.
- तपासणीचे फोटो आणि वॉरंटीच्या अटींची पीडीएफ.
- आजच्या भावाचे पुरावे: किमान तीन ठिकाणचे. त्यातलं एक सोलापुरातल्या दुकानाचं लेखी कोटेशन असावं. भाव रोज हलतात म्हणून ते तीन वेळा घ्या: वस्तू जमा केली तेव्हा, नकार आला तेव्हा आणि तक्रार दाखल करताना.

कच्चं बिल असेल तर कंपनीकडे सिरियल नंबरवरून वॉरंटी कधी कधी चालते, पण पुढे ग्राहक आयोगापुढे खरेदी आणि किंमत सिद्ध करायला फार त्रास होतो.

दुसरा सापळा बिलावरच्या नावाचा. टॉवेल-चादरीच्या जॅकार्ड डिझाइनचं काम करणारे, डीटीपीवाले, झेरॉक्सवाले यांचं बिल बऱ्याचदा फर्मच्या नावाने असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) नुसार व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली आणि स्वतः वापरली, तर ग्राहक ठरता. एकट्याने डिझाइनचं जॉबवर्क करणाऱ्याने हे तक्रारीत स्पष्ट लिहावं. दहा माणसं कामाला असलेल्या फर्मने आयोगाऐवजी दिवाणी मार्गाचा सल्ला घ्यावा.

४. वस्तू हातची सोडताना

रॅम आता महाग ऐवज झाली आहे, त्यामुळे अदलाबदलीचा धोका खरा आहे. जॉबशीटवर (सर्व्हिस सेंटरच्या पावतीवर) मॉडेल, क्षमता, वेग आणि प्रत्येक कांडीचा सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘बाह्य नुकसान नाही’ हेही लिहून घ्या. नाहीतर नंतर ‘जळालेली होती’ असं ऐकावं लागतं.

सोलापुरात सगळ्या ब्रँडचं सर्व्हिस सेंटर नाही. काहींसाठी माल पुण्याला द्यावा लागतो. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं आणि महाग वस्तूसाठी ते सोयीचं आहे, कारण जॉबशीट डोळ्यांदेखत बनते. कुरिअरने पाठवायची तर अँटिस्टॅटिक पिशवी, बबल रॅप, कडक खोकं, आणि पॅकिंगचा एकसंध व्हिडिओ ज्यात सिरियल नंबर व कुरिअरची पावती दोन्ही दिसतील. माल परत आल्यावर उघडतानाही व्हिडिओ काढा.

दुकानदाराच्या हाती माल देत असाल तर त्याचीही सही-शिक्क्याची पावती घ्या. तोंडी ‘पुढच्या गाडीने पाठवतो’ यावर वस्तू देऊ नका.

जोडीने घेतलेल्या कांड्या बहुतेक कंपन्या जोडीनेच मागतात. एकच खराब असली तरी दोन्ही जातात, तेवढे दिवस संगणक बंद. त्याची तयारी ठेवा.

५. “बिलाचे पैसे घ्या” असं उत्तर आलं की

फोनवर हुज्जत घालू नका. “मेलवर कळवा” एवढंच म्हणा. आणि तीन गोष्टी टाळा: परताव्याच्या फॉर्मवर सही, पोर्टलवर ‘स्वीकार’चं बटण, आणि बँक तपशील देणं. ‘पूर्ण व अंतिम समझोता’ या शब्दांखाली सही झाली की पुढची लढाई जवळपास संपते. क्रेडिट नोट, म्हणजे पुढच्या खरेदीत वळती होणारी रक्कम, हाही परतावाच आहे.

ऑनलाइन खरेदीत न विचारताच पैसे खात्यात येतात, असंही होतं. त्याच दिवशी मेल करा: “ही रक्कम माझ्या संमतीशिवाय जमा झाली आहे. बदली वस्तूचा हक्क राखून ती तात्पुरती ठेवत आहे. आपण सांगाल त्या खात्यात परत करण्यास तयार आहे.” गप्प बसलात तर मान्य केलं असा अर्थ निघतो.

कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा:

“विषय: जॉब क्र. ____, वॉरंटीनुसार बदली वस्तू मिळणेबाबत.

मी दि. ____ रोजी बिल क्र. ____ अन्वये ____ (मॉडेल, सिरियल क्र.) खरेदी केले. वॉरंटीच्या मुदतीत, दि. ____ रोजी ते आपल्याकडे जमा केले. दोष आपण मान्य केला आहे. आपण देऊ केलेली रु. ____ ही रक्कम मला मान्य नाही, कारण तेवढ्यात तशी वस्तू आज बाजारात मिळत नाही. सोबत भावाचे पुरावे जोडले आहेत. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत (अ) तेच मॉडेल, किंवा (आ) तेवढ्याच क्षमतेचे व तेवढ्याच किंवा अधिक वेगाचे दुसरे मॉडेल, किंवा (इ) तशी वस्तू आज घेण्यास लागणारी रक्कम द्यावी. तसे न झाल्यास मी ती बाजारातून खरेदी करून फरकाची रक्कम आपल्याकडून मागेन. बदली देणे शक्य नसल्यास ते वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार व कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे.”

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम घातलं आहे. काम अडलं म्हणून पंधरा दिवसांनी तुम्ही नवी रॅम घेतली, तर तिचं बिल हाच नुकसानीचा पुरावा होतो. भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ मधल्या भरपाईच्या तत्त्वाशी हे जुळतं. पण घेताना तेवढ्याच क्षमतेची आणि रास्त भावाची घ्या. १६ च्या जागी ६४ जीबी घेऊन फरक मागितलात तर तुमचा मुद्दाच कमजोर होतो.

कंपनी मधला मार्ग सुचवेल तेव्हा शांतपणे विचार करा. ६००० ऐवजी ५६०० वेगाची, पण तेवढ्याच क्षमतेची नवी जोडी देत असतील तर बहुतेकांनी ती घ्यावी. रोजच्या कामात फरक जाणवत नाही. क्षमता कमी करून देत असतील तर घेऊ नका. बदली वस्तूवर किती वॉरंटी, हे आधी लेखी विचारा. बऱ्याच कंपन्या फक्त मूळ वॉरंटीची उरलेली मुदत देतात. वॉरंटीत फुकट बदललेल्या वस्तूवर ‘जीएसटी भरा’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या.

६. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५

फोनवर मराठीत बोलता येतं. ॲप किंवा व्हॉट्सॲपवरूनही तक्रार नोंदवता येते. मिळालेला डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) जपून ठेवा. हेल्पलाइन हुकूम देत नाही, फक्त कंपनीला उत्तर द्यायला लावते. मोठ्या ब्रँडची प्रकरणं इथेही मिटतात. ऑनलाइन पोर्टलवरून घेतलं असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं.

७. नोटीस

आयोगात जाण्याआधी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण द्यावीच. साध्या कागदावर स्वतः लिहिली तरी चालते. उत्पादक किंवा आयातदार, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही पाठवा. एकालाच पाठवली तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट आणि पोहोचल्याचा पुरावा मागा, आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा.

८. जिल्हा ग्राहक आयोग, सोलापूर

कंपनी बंगळूरची, विक्रेता दिल्लीचा असला तरी कलम ३४ मुळे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्यांनीही सोलापूरच्याच आयोगाकडे यायचं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही.

मुदत: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं (कलम ६९). लेखी नकाराची तारीख महत्त्वाची ती यासाठी.

शुल्क: वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शून्य. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, तीही मोजलेल्या किमतीवर धरतात, मागितलेल्या भरपाईवर नाही.

जोडायचं: तक्रार अर्ज, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, तारखांचा तक्ता, पायरी ३ मधले सगळे कागद, नोटीस आणि तिची पोच. मेल आणि व्हिडिओसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. आयोगासाठी एक, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक आणि स्वतःसाठी एक, असे संच करा.

मागण्या लिहिताना बहुतेक नवखे घसरतात. नुसतं ‘पैसे परत मिळावेत’ असं लिहिलं तर आयोग बिलाची रक्कम आणि व्याज देईल. कलम ३९ मध्ये परतावा म्हणजे मोजलेली किंमत, आजची नव्हे. भाववाढीचा फरक भरपाई म्हणून वेगळा मागावा लागतो. म्हणून असा क्रम ठेवा:

(अ) त्याच वर्णनाची, दोषरहित नवी वस्तू द्यावी.
(आ) ते शक्य नसल्यास बिलाची रक्कम व्याजासह, आणि तशी वस्तू घेण्यास लागणारा रु. ____ इतका फरक भरपाई म्हणून द्यावा.
(इ) मानसिक त्रास व तक्रारीचा खर्च.

वस्तूच द्यावी असा आदेश होईलच याची हमी नाही. पर्याय निवडणं आयोगाच्या हातात असतं. म्हणूनच (आ) मधला आकडा कोटेशन आणि बिलांनी भक्कम करायचा. ‘५ लाख मानसिक त्रास’ असले आकडे टाकू नका. ९,००० च्या वस्तूपुढे ते पाहून तुमच्या खऱ्या मागणीचंही वजन उतरतं.

आणखी एक जागा सांभाळा. वॉरंटीची अटच अन्यायकारक आहे, ‘अनफेअर कॉन्ट्रॅक्ट’ आहे, अशी तक्रार जिल्हा आयोग ऐकू शकत नाही. ती राज्य आयोगाकडे जाते. सोलापुरात दाखल करताना मांडणी ‘सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ अशी ठेवा.

कंपनीने दोषच नाकारला असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. म्हणून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत आलेली कांडी फेकू नका, वापरूही नका. पिशवीत बंद ठेवा.

प्रतिवादीला उत्तरासाठी ३० दिवस, वाढवून आणखी १५. निकालाची कायद्यातली मुदत तपासणी नसेल तर ३ महिने, असेल तर ५. प्रत्यक्षात जास्त लागतात. सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्ज देता येतो. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर जा, पण तिथेही रोख रकमेऐवजी वस्तूपासूनच बोलणं सुरू करा.

९. आदेश मिळाल्यावर

प्रमाणित प्रत घ्या आणि कंपनीला मेलने व स्पीड पोस्टाने पाठवा. विरोधी पक्षाला अपिलासाठी ४५ दिवस असतात आणि आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश पाळला नाही तर त्याच आयोगात कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. बदली वस्तू आली तर उघडतानाचा व्हिडिओ काढा, नवे सिरियल नंबर टिपा, आणि त्याच रात्री मेमटेस्ट८६ चारही फेऱ्या चालवून मगच पोच द्या.